परदेशातल्या प्रतिवादीवर समन्स बजावताना

वाटणीच्या दाव्यात सगळ्या हिस्सेदारांना पक्षकार करावं लागतं. पुणे, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या दाव्यांत आता एखादा तरी हिस्सेदार परदेशात असतो. एक भाऊ न्यू जर्सीत, बहीण म्युनिकला, पुतण्या दुबईत अशा वंशावळी आम्ही नेहमी बघतो. गावातल्या प्रतिवादीकडे बेलिफ जातो, सही घेतो, अहवाल देतो. परदेशातल्या प्रतिवादीच्या बाबतीत मात्र दावा ‘समन्स बजावणीकरिता’ या एकाच शेऱ्यावर तारखांमागून तारखा पडून राहतो. असे दावे चालवताना हा टप्पा कसा पार पडतो आणि कुठे फसतो, ते इथे लिहितो आहोत.

जमीन इथलीच, हुकूमनामा इथेच अमलात येणार, मग बजावणी थोडी सैल राहिली तर काय बिघडलं, असं पक्षकार विचारतात. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागायची मुदत ३० दिवसांची आहे. पण समन्स रीतसर बजावलेलं नसेल, तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे हे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, तो हुकूमनामा प्रतिवादीला कळला त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे मोजणी झाली, फेरफार पडले, एखादा हिस्सा विकलाही गेला, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी न्यू जर्सीचा भाऊ अर्ज घेऊन उभा राहू शकतो. बजावणीत नुसती अनियमितता आहे एवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असं दिसलं तर त्याचा अर्ज फेटाळला जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल १३ चं परंतुक तसं सांगतं. पण त्याला माहिती होती हे दाखवायला हातात कागद लागतो. त्यासाठीच ही सगळी खटपट.

हा कागद मिळतो १५ नोव्हेंबर १९६५ च्या हेग करारातून. दिवाणी आणि व्यापारी प्रकरणांतली न्यायालयीन कागदपत्रं परदेशात कशी बजावायची याचा हा करार. भारत त्यात २३ नोव्हेंबर २००६ ला सामील झाला आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो आपल्याला लागू आहे. अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया करारात आहेत. सिंगापूरला तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला, त्यामुळे सिंगापूरसाठी जुन्या फायलीतला नमुना उचलू नये. संयुक्त अरब अमिराती करारात नाही. तिथला रस्ता वेगळा आहे.

प्रत्येक देशाने या कामासाठी एक केंद्रीय प्राधिकरण नेमलेलं असतं. आपल्याकडे ते केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाचा विधी कार्य विभाग आहे. अमेरिकेत सगळ्या राज्यांसाठी मिळून एकच, तिथलं न्याय खातं. प्रत्यक्ष बजावणीचं काम त्यांनी एबीसी लीगल या खासगी कंपनीला ठेक्याने दिलं आहे. जर्मनीत मात्र प्रत्येक राज्याचं प्राधिकरण वेगळं. बहीण म्युनिकला असेल तर आपल्या न्यायालयाची बजावणीची विनंती म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडे जाते. ती स्टुटगार्टला राहत असेल तर राज्य बदलतं आणि विनंती फ्रायबुर्गच्या स्थानिक न्यायालयाकडे जाते. कॅनडात प्रांतागणिक फरक आहे. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर देशवार पत्ते, शुल्क आणि भाषेच्या अटी दिलेल्या असतात. दर वेळी तिथे ताजी माहिती बघावी, कारण पत्ते बदलत राहतात.

आता तारखेबद्दल. या प्रक्रियेत सर्वात जास्त नुकसान तारखेनेच होतं. समन्स काढताना न्यायालयाचा कर्मचारी सवयीने पुढची नेहमीची तारीख टाकतो, महिना-सव्वा महिन्याची. तेवढ्यात समन्स अनुवादकाच्या टेबलावरूनही हलत नाही. परदेशातल्या प्राधिकरणाच्या हातात पडेपर्यंत हजर राहायची तारीख उलटून गेलेली असते, आणि मग एक तर कागद तसाच परत येतो, किंवा बजावला जातो पण निरुपयोगी ठरतो. म्हणून समन्सच्या अर्जातच किमान सहा महिन्यांपुढची तारीख मागावी, जर्मन अनुवाद लागणार असेल तर आठ-नऊ महिन्यांची. तोंडी सांगून भागत नाही. परदेशी बजावणीला इतका वेळ का लागतो हे चार ओळींत लिहून स्वतंत्र अर्ज द्यावा आणि त्यावर आदेश घ्यावा, म्हणजे रोजनाम्यात, दाव्याच्या तारीखवार नोंदीत, ते राहतं. मधल्या काळात दाव्याच्या इतर तारखा चालू राहतात. या प्रतिवादीसाठी मात्र समन्सवरची लांबची तारीख कायम राहिली पाहिजे.

तारीख लिहिण्याची पद्धतही बघावी. समन्सवर ०५/०८ लिहिलं तर आपण ५ ऑगस्ट वाचतो, अमेरिकेतला माणूस ८ मे वाचतो. महिना नेहमी अक्षरांत लिहून घ्यावा: समन्सवर, विनंतीच्या नमुन्यात, अनुवादात, तिन्ही ठिकाणी. वेळेपुढे भारतीय प्रमाणवेळ असं नमूद करावं. न्यायालयाचा पूर्ण पत्ता, पिनकोड आणि दृकश्राव्य माध्यमातून हजर राहता येत असेल तर तसा उल्लेखही समन्सबरोबर गेला पाहिजे, कारण पुढे ‘कुठे आणि कसं हजर व्हायचं ते कळलंच नाही’ ही तक्रार पहिली येते.

दुसरी अडचण पत्त्याची. कराराच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे की ज्याचा पत्ता माहीत नाही त्याला हा करार लागू नाही. ‘एडिसन, न्यू जर्सी’ एवढा पत्ता म्हणजे पत्ता नव्हे. घर क्रमांक, रस्ता, अपार्टमेंट क्रमांक, झिप कोड, सगळं लागतं. पोस्ट बॉक्स चालत नाही, कारण तिथे माणूस भेटत नाही. जर्मनीत गरज वेगळी आहे: तिथल्या इमारतींत बहुधा फ्लॅटला क्रमांक नसतो, टपाल दारावरच्या आणि पेटीवरच्या आडनावावरून टाकतात. वादपत्रात बहिणीचं नाव माहेरच्या आडनावाने आणि पेटीवर सासरचं, असं असेल तर लखोटा ‘या नावाची व्यक्ती इथे राहत नाही’ म्हणून परत जातो. वादपत्रातच ‘पूर्वाश्रमीचं नाव’ आणि ‘सध्याचं नाव’ दोन्ही लिहावीत आणि विनंतीच्या नमुन्यातही दोन्ही द्यावीत. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा क्रम असतो, पासपोर्टवर तो बदललेला असतो. पासपोर्टवरचं लेखन मिळालं तर तेच वापरावं. जन्मतारीख माहीत असेल तर तीही द्यावी.

विनंतीचा नमुना ठरलेला आहे आणि त्याचे तीन भाग आहेत: विनंती, बजावणी झाली की नाही याचं प्रमाणपत्र, आणि बजावायच्या कागदपत्रांचा सारांश. छापील मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये असावाच लागतो. पहिला आणि तिसरा भाग आपण भरायचा, दुसरा कोरा ठेवायचा. तो तिकडचं प्राधिकरण भरून परत पाठवतं. भरायला अर्धा तास पुरतो, पण विनंती करणारा कोण हा रकाना बहुतेक वेळा चुकतो. तिथे वकिलाचं नाव लिहून वकिलाची सही केली की विनंती परत येण्याची शक्यता मोठी, कारण विनंती पाठवायचा अधिकार न्यायालयाला किंवा न्यायालयीन अधिकाऱ्याला आहे. वकिलाने नमुना टंकून न्यायालयापुढे ठेवायचा, सही आणि गोल शिक्का न्यायालयाचा. बजावणी कोणत्या पद्धतीने हवी या रकान्यात कलम ५ च्या पहिल्या परिच्छेदातला पोटखंड ‘अ’, म्हणजे तिकडच्या कायद्याप्रमाणे रीतसर बजावणी, हाच पर्याय ठेवावा. विशिष्ट पद्धत मागितली की खर्च वाढतो. ‘स्वखुशीने घेतलं तर द्या’ हा पर्याय मागितला तर प्रतिवादी ‘नको’ म्हणून मोकळा होतो.

विनंती आणि कागदपत्रं दोन-दोन प्रतींत लागतात. एक न्यायालयाच्या फायलीला, एक आपल्याला, असे मिळून दर प्रतिवादीमागे चार संच करावेत. नवरा-बायको दोघेही प्रतिवादी असतील तर पत्ता एकच असला तरी दोघांच्या विनंत्या स्वतंत्र करायच्या. अपोस्टिलची, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारकडून घ्यायच्या साक्षांकनाची, इथे गरज नाही. कलम ३ मध्ये तसं स्पष्ट आहे. तरीही समन्सवर अपोस्टिल करून घ्यायला लोक मंत्रालय आणि परराष्ट्र खात्याचे हेलपाटे घालतात आणि त्यात आधीच कमी असलेला वेळ घालवतात.

अनुवादाला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत वादपत्र मराठीत असतं. अमेरिका, ब्रिटनसाठी इंग्रजी अनुवाद लागतो, जर्मनीत रीतसर बजावणीसाठी जर्मन. समन्ससोबत वादपत्राची प्रत द्यावीच लागते. पण वादपत्रासोबतच्या यादीतले पन्नास सातबारे, तीस फेरफार, खरेदीखतं हे सगळं जर्मनमध्ये करायला घेतलं तर खर्च दाव्याच्या कोर्ट फीच्याही पुढे जाऊ शकतो. आम्ही समन्स, वादपत्र, मिळकतीचं परिशिष्ट, वंशावळ आणि निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज असेल तर तो व त्याचं शपथपत्र, एवढं पाठवतो. बाकीच्या कागदांची यादी अनुवादित करून ‘प्रती न्यायालयात पाहायला आणि मागणीवरून मिळतील’ असं लिहितो. त्यासाठीही न्यायालयाची परवानगी घ्यावी. मराठीतून थेट जर्मन करणारा अनुवादक सहज मिळत नाही. बहुधा मराठी ते इंग्रजी आणि इंग्रजी ते जर्मन असे दोन टप्पे होतात. क्षेत्राचे आकडे या प्रवासात हमखास बिघडतात. सातबाऱ्यावर ० हेक्टर ४० आर असतं, त्याचं ४० हेक्टर झालेलं आम्ही पाहिलं आहे. जर्मनीत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. परिशिष्टात क्षेत्र चौरस मीटरमध्येही लिहून द्यावं आणि अनुवाद आला की आधी आकडे, गट नंबर आणि तारखा ताडून पाहाव्यात. भाषा नंतर वाचावी.

प्रत्येक पानावर दाव्याचा क्रमांक, न्यायालयाचं नाव आणि सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक (न्यायालयाच्या संगणकातला दाव्याचा ओळख क्रमांक) टाकावा. कारण प्रमाणपत्र आणणारा परदेशी लखोटा न्यायालयाच्या आवक विभागात येतो. त्यावर दावा क्रमांक नसला, किंवा मधल्या काळात दावा दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग झाला असला, तर तो लखोटा कोणत्या फायलीत लावायचा ते कुणालाच कळत नाही. बजावणी झालेली असते आणि रोजनाम्यात मात्र ‘अहवाल अप्राप्त’ अशी नोंद पडत राहते. तारखेला फक्त पुकाऱ्यापुरतं उभं न राहता आवक नोंदवही पाहावी.

विनंती पाठवायची कोणी? करारानुसार न्यायालय ती तिकडच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे थेट पाठवू शकतं. दिल्लीचा टप्पा कराराने बंधनकारक केलेला नाही. व्यवहारात अनेक न्यायालयं ती विधी कार्य विभागामार्फतच पाठवतात आणि त्यात काही आठवडे जातात. आपल्या न्यायालयाची पद्धत काय आहे ते अधीक्षकांना आधीच विचारावं आणि सहा महिन्यांची तारीख मागताना हा वेळ धरावा. दिवाणी समन्स विधी कार्य विभागाकडे जातं, फौजदारी प्रकरणातलं केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. कौटुंबिक वादात दोन्ही प्रकरणं एकाच वेळी चालू असतात तेव्हा कागद एकमेकांच्या पाकिटात जाण्याचा धोका असतो. अमेरिकेसाठी ९५ डॉलर शुल्क आहे. न्यायालयाकडे डॉलरमध्ये पैसे भरायची सोय नसते, म्हणून वादीने ते ऑनलाइन भरून पावती विनंतीला जोडायची. कुरिअरचा मागोवा क्रमांक पर्सिस (न्यायालयाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) देऊन दाखल करावा. पाठवल्याची तारीख सिद्ध करायला तो पुढे लागतो.

विनंती गेली म्हणून दावा गोठत नाही. निशाणी ५ चा मनाईचा अर्ज तातडीचा असेल तर न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकतं. कराराच्या कलम १५ च्या शेवटच्या परिच्छेदात तशी मुभा आहे. ‘हेगची बजावणी बाकी आहे’ एवढ्या कारणावर मनाई अर्ज पुढे ढकलू देऊ नये.

न्यू जर्सीत बजावणी करणारा माणूस घरी जातो आणि समन्स हातात देतो. प्रतिवादी नसेल तर घरात राहणाऱ्या सज्ञान व्यक्तीकडेही ते देता येतं. फाटक असलेल्या वसाहतीत आत सोडलं नाही म्हणून न बजावता परत आलेली समन्सही असतात. तिथे कामाच्या ठिकाणचा पत्ता दुसरा म्हणून दिलेला असला तर उपयोग होतो. म्युनिकला समन्स बहुधा टपालातून पिवळ्या लखोट्यात जातं, टपालवाला दिल्याची तारीख लखोट्यावरच लिहितो, आणि घरी कुणी नसेल तर पेटीत टाकलं तरी तिथल्या कायद्याने बजावणी पूर्ण होते. आपल्याकडे समोरचा वकील ‘पेटीत टाकलं म्हणजे बजावणी नव्हे’ असं म्हणतो तेव्हा प्रमाणपत्रातली ‘तिकडच्या कायद्याप्रमाणे बजावलं’ ही नोंद दाखवायची. जर्मन प्राधिकरण प्रमाणपत्रातले रकाने जर्मनमध्ये भरू शकतं, त्यामुळे त्याचाही अनुवाद करून दाखल करावा लागतो. प्रमाणपत्र आलं की पर्सिस देऊन त्याला निशाणी क्रमांक घ्यावा आणि कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) मुदत प्रमाणपत्रातल्या बजावणीच्या तारखेपासून मोजावी: ३० दिवस, आणि न्यायालयाने कारणं नोंदवून वाढवली तर ९० पर्यंत.

समन्स न बजावता परत आलं तर स्वस्थ बसू नये. ऑर्डर ९ रूल ५ प्रमाणे नव्या समन्ससाठी सात दिवसांत अर्ज केला नाही तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. प्रमाणपत्रात न बजावण्याचं कारण लिहिलेलं असतं. पत्ता चुकला असेल तर नवा पत्ता शोधल्याशिवाय तीच विनंती पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही.

आणि काहीच आलं नाही तर? भारताने कलम १५ खाली जाहीर केलं आहे की प्रमाणपत्र आलं नाही तरी न्यायाधीश निर्णय देऊ शकतात, तीन अटींवर: विनंती कराराने सांगितलेल्या मार्गाने गेलेली असावी, पाठवल्यापासून न्यायाधीशांना पुरेसा वाटेल असा आणि किमान सहा महिन्यांचा काळ गेलेला असावा, आणि प्रमाणपत्र मिळवायचे सगळे वाजवी प्रयत्न करूनही ते आलेलं नसावं. तिसरी अट आपोआप पूर्ण होत नाही. दर दीड-दोन महिन्यांनी न्यायालयामार्फत स्मरणपत्र जायला हवं आणि त्याची जावक नोंद हवी. ही पत्रं नसतील तर एकतर्फी आदेशाचा अर्ज आम्ही देत नाही. आधी पत्रं पाठवतो, उत्तराला वाजवी वेळ देतो, मग अर्ज करतो.

व्हॉट्सॲप आणि ई-मेलने समन्स पाठवायला न्यायालयं परवानगी देतात. ती घ्यावी, पण जोडीला म्हणून. संदेश पोहोचल्याचे आणि वाचल्याचे पुरावे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह दाखल करावेत. ‘तारीख माहीत होती’ हे दाखवायला ते कामी येतात. जर्मनीसाठी मात्र त्यावर विसंबू नये. कराराच्या कलम १० मधल्या टपालाने थेट पाठवण्यासारख्या पद्धतींना जर्मनीचा विरोध आहे. आपलाही आहे: टेक्सासच्या न्यायालयाचे कागद नाशिकच्या घरी नुसत्या कुरिअरने आले तर भारताच्या दृष्टीने ती हेग कराराखालची बजावणी नव्हे. तरी ते कागद फेकून देऊ नयेत. लगेच वकिलाला दाखवावेत, कारण तिथे उत्तर न देता हजर न राहिल्याचे परिणाम तिथल्या कायद्याने होतात.

दुबईच्या पुतण्यासाठी आधार आहे तो भारत आणि अमिरातींमधला १९९९ चा दिवाणी व व्यापारी प्रकरणांतल्या न्यायालयीन सहकार्याचा द्विपक्षीय करार. तिथेही विनंती विधी मंत्रालयामार्फत तिकडच्या न्याय मंत्रालयाकडे जाते. अरबी अनुवाद करून ठेवावा आणि वेळ अमेरिकेपेक्षा जास्त धरावा.

बजावणी झाल्यावर, किंवा तिच्याही आधी, भावाबहिणींपैकी कुणी सहकार्याला तयार झालं तर सगळंच सोपं होतं. परदेशातून सही करून पाठवलेलं वकीलपत्र दाखल होऊन तो प्रतिवादी हजर झाला की बजावणीचा प्रश्न उरत नाही. म्हणून दावा दाखल केल्याबरोबर आम्ही एक सभ्य पत्र आणि वादपत्राची प्रत ई-मेलने पाठवतो. इथल्या कामासाठी परदेशात कुलमुखत्यारपत्र करायचं असेल तर देश पाहून करावं. न्यू जर्सीत नोटरीपुढे सही करून त्या राज्याचं अपोस्टिल घेता येतं. भारताच्या अपोस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतलेला असल्याने जर्मन अपोस्टिल इथे उपयोगाचं नाही. म्युनिकच्या बहिणीने भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन सही करावी. हक्कसोडपत्राची नोंदणी मुखत्यारामार्फत होणार असेल तर मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय किंवा भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्यापुढे करून त्यांनी ते प्रमाणित केलेलं असणं नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे आवश्यक आहे. मूळ कागद महाराष्ट्रात आला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आल्याची तारीख दाखवायला कुरिअरचं पाकीट जपून ठेवावं.